रायफलीचे खापर कोणाच्या माथी?

वाचकाचे पत्र

माझ्या वडिलांची .३०८ विंचेस्टर काडतुसाची शिकारी रायफल त्यांच्यामागे माझ्याकडे आली. गेल्या हंगामात माझ्या मेव्हण्याने ती आठवडाभरासाठी मागितली आणि मी दिली. त्याने ती परत आणली तेव्हा ती मऊ पिशवीत होती. मी पिशवीतून काढून ती तिजोरीत उभी करून ठेवली, नीट पाहिली नाही. दोन महिन्यांनी माझा एकोणीस वर्षांचा मुलगा ती नेमबाजीच्या मैदानावर घेऊन गेला. जाण्याआधी त्याने ती साफ केली होती. पहिल्या पाच-सहा गोळ्या ठीक लागल्या, नंतर मात्र नेम भलतीकडे जाऊ लागला, आणि घरी आल्यावर दिसले की दस्त्याला मुठीपाशी तडा गेला आहे. नळी उजेडाकडे धरून पाहिले तर तोंडापासून चार-पाच बोटे आत एक काळे कडे दिसते.

मुलगा म्हणतो की मामाने नळीच्या तोंडाला चिकटपट्टी लावून तशीच गोळी झाडली असणार. मेव्हणा म्हणतो की भाच्याने साफ करताना चिंधी आत विसरली आणि वर रायफल कुठेतरी आपटली. आई म्हणते, ‘त्यांनी इतकी वर्षे वापरली, कधी ओरखडा आला नाही.’ भाऊ आणि मुलगा यांच्या कात्रीत सापडलेली माझी पत्नी या विषयावर बोलतच नाही. मी रागाच्या भरात मेव्हण्याला ‘दुरुस्तीचा खर्च तुला द्यावा लागेल’ असा निरोप धाडला आणि तेव्हापासून त्याने माझा फोन घेणे बंद केले आहे. दोष कोणाचा धरू? पैसे कोणाकडून घेऊ? आणि मुलाच्या हाती पुन्हा रायफल द्यावी का?

उत्तर

तुमच्या तीन प्रश्नांच्या आधी एक प्रश्न मला पडला आहे आणि तो असा, की ही रायफल आज कुठे आणि कोणत्या अवस्थेत आहे. घरात वाद पेटलेला असताना ‘एकदा झाडून बघू, म्हणजे कळेल’ असे कोणीतरी म्हणण्याचा संभव फार असतो, आणि ज्याला आपला निर्दोषपणा सिद्ध करायचा असतो त्याला तो मोह सर्वांत आधी होतो. तसे होऊ देऊ नका. .३०८ विंचेस्टरचा कमाल दाब अमेरिकी मानकाप्रमाणे दर चौरस इंचाला ६२,००० पौंड इतका धरलेला आहे; मोटारीच्या चाकातला दाब याच मापात तीस-पस्तीसच्या आसपास असतो, यावरून प्रत्येक गोळीला नळीचे पोलाद काय सोसते याची कल्पना यावी. तुम्हाला दिसणारे काळे कडे म्हणजे बहुधा त्या जागी पोलाद ताणले जाऊन नळी फुगलेली आहे. अशी नळी पुढची गोळी सोसेल, कदाचित आणखी पुष्कळ गोळ्या सोसेल. पण सोसते की नाही हे पाहण्यासाठी कोणी आपला हात तिच्याखाली धरू नये. रायफल रिकामी असल्याची स्वतः खात्री करा, बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा सरकता भाग, काढून वेगळा कुलुपात ठेवा आणि कारागिराकडे जाईपर्यंत ती कोणाच्याही हाती देऊ नका.

त्याचबरोबर तिला आता कोणी तेलपाणीही करू नये. तडा बुजवण्यासाठी आत डिंक किंवा गोंद भरण्याची घाई नको, नळीत पुन्हा गज घालणे नको, दुर्बिणीचे स्क्रू आवळणे नको. मैदानावर वापरलेल्या काडतुसांचा डबा, उरलेली काडतुसे आणि उचलून आणलेल्या रिकाम्या पुंगळ्या असतील तर त्या सगळ्या एकत्र ठेवा. फुगीर झालेली किंवा चिरलेली पुंगळी, चपटे झालेले प्रायमर (पुंगळीच्या बुडातली ठिणगी देणारी टिकली) यांवरून जाणत्या माणसाला दाब प्रमाणाबाहेर गेला होता का याचा अंदाज बांधता येतो. काडतुसे कारखान्यातली होती की कोणी घरी भरलेली होती, हेही मुलाला विचारून लिहून ठेवा.

आता दोषाकडे वळू. तुमच्या घरात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले गेले आहेत, असे मला वाटते. रायफलीला काय झाले हा एक प्रश्न आहे आणि ते कोणी केले हा दुसरा. पहिल्याचे उत्तर बऱ्याच अंशी मिळू शकते. दुसऱ्याचे कदाचित कधीच मिळणार नाही, आणि तरीही तुम्ही सगळे जण पहिला सोडून दुसऱ्याच्याच मागे लागला आहात.

नळी अशी कशाने फुगते ते पाहा. गोळी नळीतून धावत असताना पुढे अडथळा आला, म्हणजे चिखल, बर्फ, विसरलेली चिंधी किंवा आधीच्या फुसक्या काडतुसाची आत अडकलेली गोळी, तर तिची गती तिथे एकदम रोखली जाते आणि दाब त्या एका जागी उसळतो; नळी फुटली नाही तर तिथे कडे उमटते. तुमच्या रायफलीत कडे तोंडाच्या जवळ आहे. फुसक्या काडतुसाची गोळी बहुधा मागच्या बाजूला, चेंबरच्या (काडतूस बसते त्या नळीच्या मागच्या पोकळीच्या) पुढेच अडकते, म्हणून ती शक्यता इथे कमी वाटते. तोंडाजवळच्या कड्यामागे बाहेरून शिरलेला चिखल किंवा बर्फ असणे अधिक सामान्य आहे. मेव्हण्याच्या विरुद्ध हा मुद्दा आहे खरा, पण तो इतकाच आहे. चिंधी नळीत कुठेही राहू शकते आणि तोंडाजवळही राहू शकते.

चिकटपट्टीचा आरोप मात्र मुलाने मागे घ्यावा. पाऊस, बर्फ आणि माती आत जाऊ नये म्हणून नळीच्या तोंडावर पातळ चिकटपट्टी लावण्याची सवय पुष्कळ शिकाऱ्यांना असते. गोळीच्या पुढे दाबली गेलेली हवाच ती पट्टी गोळी पोहोचण्याआधी उडवून देते, आणि म्हणून तिच्यामुळे नळी फुगत नाही. उलट तुमचा मेव्हणा पट्टी लावत असेल तर तो निष्काळजी माणूस नाही, एवढे तरी त्यावरून म्हणता येईल. जी गोष्ट त्याने काळजीपोटी केली तीच त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून उभी केली गेली, तेव्हा त्याला राग येणे मला स्वाभाविक वाटते.

मेव्हण्याच्या आरोपालाही असेच तपासून पाहू. मुलाने चिंधी आत विसरली असती तर ती पहिल्याच गोळीने बाहेर फेकली गेली असती आणि कडे त्याच गोळीला उमटले असते. पण तुम्ही लिहिता की पहिल्या पाच-सहा गोळ्या ठीक लागल्या. फुगलेली नळी कधीकधी बऱ्यापैकी नेम राखते, त्यामुळे एवढ्यावरून मुलगा सुटत नाही. मात्र मैदानावर नेम मधूनच बिघडला याचे कारण कडे नसून दुसरे काहीतरी असावे, अशी शंका घ्यायला जागा आहे. तो दुसरा उमेदवार म्हणजे दस्त्याचा तडा. मूठ हा लाकडी दस्त्याचा सर्वांत बारीक आणि म्हणून सर्वांत नाजूक भाग असतो. लोखंडी भाग दस्त्यात घट्ट धरणारे स्क्रू सैल झाले असतील तर प्रत्येक गोळीचा धक्का लोखंडाच्या मागच्या टोकातून थेट त्या लाकडावर बसतो आणि ते हळूहळू चिरत जाते. तडा मधल्या रेषेने सरळ मागे गेला असेल तर साधारणपणे अशा धक्क्याकडे बोट जाते. मुठीतून तिरका गेला असेल तर पडण्या-आपटण्याची शक्यता अधिक. आणि दस्ता हलू लागला की नेम जागेवर राहत नाही, हे सांगायला नको.

तड्याचा रंगही बोलतो. नुकत्याच फुटलेल्या लाकडाचा आतला भाग फिका आणि स्वच्छ दिसतो. जुन्या तड्यात तेल, मळ आणि हाताचा घाम शिरून तो काळवंडलेला असतो. आता एक गोष्ट तुम्हाला आवडणार नाही. रायफल तोंड वर करून वर्षानुवर्षे उभी ठेवली तर नळीतले आणि बोल्टमधले जास्तीचे तेल खाली झिरपत जाऊन मुठीच्या लाकडात मुरते, आणि तेल पिऊन ते लाकूड मऊ आणि कमकुवत होते. जुन्या रायफली दुरुस्त करणाऱ्यांना असे काळे, तेलकट दस्ते नवीन नसतात. तुम्ही ती तिजोरीत उभी ठेवता. तुमचे वडीलही बहुधा तशीच ठेवत असतील. तडा तेलाने काळा निघाला तर संशयितांच्या यादीत मेव्हण्याच्या आणि मुलाच्या आधी तुमचे नाव येईल, आणि त्याच्याही आधी ज्यांच्या हातून कधी ओरखडा आला नाही असे आईंना वाटते त्यांचे. कड्याचेही तेच आहे. नळीतून उजेडाकडे निरखून पाहण्याची सवय सगळ्यांना नसते, आणि एखादे कडे कोणाच्याही लक्षात न येता वर्षानुवर्षे राहू शकते.

म्हणून रायफल चांगल्या, परवानाधारक बंदूक-कारागिराकडे न्या आणि त्याला घरातले भांडण सांगू नका. कोणाला काय वाटते हे त्याच्या कानी पडले की तो नकळत त्यातलीच एक बाजू शोधू लागेल. नळीत कॅमेरा घालून कड्याच्या जागी गंज किंवा जुनी काजळी साचली आहे का, तडा ताजा आहे की जुना, दस्त्याचे स्क्रू सैल होते का, दुर्बिणीची बैठक घट्ट होती का, आणि चेंबर व बोल्ट ठीक आहेत का, एवढेच त्याला विचारा आणि उत्तरे लेखी घ्या. तो ‘हे जुने आहे’ किंवा ‘हे ताजे आहे’ असे सांगू शकेल. मेव्हणा की भाचा, हे मात्र तो सांगू शकणार नाही. तसे छातीठोकपणे सांगणारा भेटला तर दुसरा कारागीर पाहा.

आता पैशांचे. उसनी नेलेली वस्तू घेतली तशी परत करावी, हा व्यवहाराचा नियम योग्यच आहे. पण ‘घेतली तशी’ म्हणजे कशी, याची नोंद तुमच्याकडे नाही. देताना तुम्ही नळी पाहिली नाही, परत घेताना पाहिली नाही, दोन महिने पाहिली नाही आणि मुलाला देतानाही पाहिली नाही. तुम्हाला टोचण्यासाठी मी हे म्हणत नाही. ज्याने चारही वेळा तपासण्याची संधी घेतली नाही त्याने पाचव्या वेळी एकाच माणसाकडे बिल पाठवणे न्यायाचे होत नाही, एवढेच मला म्हणायचे आहे. माझा सल्ला असा, की खर्च तुम्ही स्वतःचा धरून चला, मेव्हण्याला पाठवलेला निरोप शब्दांत मागे घ्या, आणि अहवाल आल्यावर कोणी आपणहून वाटा देऊ केला तर तो संकोच न करता घ्या. मागून घेतलेला पैसा इथे कबुलीजबाबासारखा ठरेल आणि तो कोणीही देणार नाही. न मागता दिलेल्या पैशाला कबुलीची अट नसते, म्हणून तो देणे सोपे जाते.

खर्च किती येईल हे दुरुस्तीवर ठरेल. तडा लहान असेल आणि लाकूड तेलाने कुजलेले नसेल तर तेल काढून, इपॉक्सीने आणि आत खीळ बसवून तो सांधता येतो, नाहीतर दस्ताच बदलावा लागतो. नळीचे काम अधिक गंभीर आहे. कडे तोंडाच्या जवळ असल्यामुळे तेवढा भाग कापून नळीचे तोंड नव्याने घडवणे कधीकधी शक्य असते, पण किमान लांबीचे कायदेशीर बंधन आड येते का ते आधी पाहावे लागते. एरवी नळी बदलावी लागते आणि त्याबरोबर चेंबर आणि बोल्ट यांच्यातले अंतर मापकाने तपासून घ्यावे लागते. १९१४ साली स्थापन झालेल्या सीआयपी या, बंदुकांच्या दाबचाचणीचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या सदस्य देशांत बदललेल्या नळीची पुन्हा दाबचाचणी घेऊन तिच्यावर शिक्का मारून घ्यावा लागतो. रायफलींसाठी ही चाचणी कमाल दाबाच्या २५ टक्के वरच्या दाबाने होते. घरगुती विम्यात शस्त्रे धरलेली असतील तर करारपत्र वाचा, आणि दावा करायचा झाला तर त्यात ‘कोणाच्या हातून’ या रकान्यात अंदाज लिहू नका. रायफल दुसऱ्याला उसनी देण्याचे आणि प्रौढ मुलाला एकट्याने नेऊ देण्याचे नियम ठिकाणागणिक वेगळे असतात. पुढचे काहीही लेखी पाठवण्याआधी तुमच्या परवान्याच्या अटी एकदा नजरेखालून घाला.

मेव्हण्याशी बोलताना पत्नीला निरोप्या करू नका. ती गप्प आहे याचा अर्थ तिला मत नाही असा नसून, तिने काहीही म्हटले तरी ते कोणाच्या तरी विरुद्ध धरले जाईल हे तिला कळून चुकले आहे, असा असावा. तिच्याजवळ फक्त एवढे बोला, की हा विषय मी आणि तुझा भाऊ मिटवू, तुला कोणाची बाजू घ्यावी लागणार नाही. मग शक्य तर स्वतः त्याच्या घरी जा. फोनवर किंवा संदेशातून हे साधणार नाही, कारण तुमचा शेवटचा संदेश त्याच्या डोळ्यांसमोर अजून असेल. ‘मी रागात लिहिले, ते मागे घेतो. पट्टीमुळे हे झालेले नाही, हे मला आता समजले आहे. रायफल तपासायला देतो आहे, खर्च माझा. तुझ्याकडे असताना ती पडली, चिखलात टेकली किंवा एखादा बार वेगळा वाटला असे काही आठवत असेल तर सांग, कारागिराला उपयोग होईल.’ यापुढे एक शब्दही वाढवू नका आणि तो ‘नाही’ म्हणाला तर ते ‘नाही’ स्वीकारून निघा. हेच प्रश्न, याच शब्दांत, मुलालाही विचारा. मामाला वेगळा तराजू आणि मुलाला वेगळा असे दिसता कामा नये. मुलाने मामाबद्दल जे म्हटले त्यापैकी पट्टीचा भाग चुकीचा होता, हे त्याने स्वतः मामाला सांगावे. त्यासाठी त्याला बसवून क्षमा मागायला लावण्याची गरज नाही.

एवढ्या नरमाईने घ्यायला मी का सांगतो आहे, असे तुम्हाला वाटेल. शेजाऱ्याला दिलेली शिडी मोडली असती तर मी कदाचित इतके सांगितले नसते. ही रायफल आहे, आणि रायफलीच्या बाबतीत लपवलेला बिघाड हा मोडतोडीपेक्षा अधिक धोक्याचा असतो. ती हातून पडली, नळीत माती गेली, एखादा बार फुसका झाला, हे ज्या क्षणी घडते त्याच क्षणी कोणीतरी सांगितले पाहिजे, कारण पुढची गोळी दुसराच कोणी झाडणार असतो. तुमच्या घरात आज जे चालले आहे त्यातून तरुण मुलगा एकच गोष्ट शिकेल, की काही बिघडले तर जो आधी बोलला तो अडकला. समजा, मेव्हण्याकडे खरोखरच काही घडले होते आणि तो बोलला नाही; तर तो का बोलला नाही, याचे उत्तर तुमच्या त्या एका निरोपात असू शकते. दोषी सापडला नाही तरी चालेल, पण सांगणाऱ्याला किंमत मोजावी लागते असे या घरात ठरून गेले तर ते चालणार नाही.

आईंचे दुःख वेगळे आहे. त्यांच्यासाठी तो दस्ता म्हणजे एका माणसाचा हात आहे, आणि वडिलांच्या वेळीच तडा गेला असावा असे अहवालात निघाले तर ते त्यांना ऐकवण्याचे काही कारण नाही. दस्ता बदलावा लागला तर जुना टाकू नका, त्यांना विचारून ठेवा. मात्र ‘त्यांनी कधी ओरखडा येऊ दिला नाही’ हे वाक्य मुलासमोर वारंवार येऊ लागले तर ते सौम्यपणे थांबवा, कारण त्यात नातवावर ठपका आहे आणि तो त्यालाही ऐकू येतो.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. रायफल दुरुस्त होऊन, तपासून परत आली की मुलाच्या हाती ती जरूर द्या. कारागिराकडून घरी आणताना त्यालाच बरोबर घेऊन जा, म्हणजे काय बिघडले होते आणि काय बदलले ते तो प्रत्यक्ष पाहील. इथून पुढे रायफल कोणाच्याही हाती जाताना आणि परत येताना बोल्ट काढून, ती रिकामी असल्याचे दोघांनी पाहायचे, नळीतून उजेड आरपार पाहायचा, दस्ता आणि स्क्रू हाताने चाचपायचे आणि तिजोरीत ठेवलेल्या वहीत तारखेसह दोघांनी सह्या करायच्या. हा नियम मुलापासून किंवा मेव्हण्यापासून सुरू केला तर तो शिक्षेसारखा वाटेल, म्हणून वहीतली पहिली सही कारागिराकडून रायफल ताब्यात घेताना तुम्ही करा आणि दुसरी मुलाला करू द्या. ठेवताना ती तोंड खाली करून ठेवा आणि तेल जरा बेताने लावा.